घरातले चार नवे स्मार्टफोन : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

आई, बाबा, मावशी आणि मोठे काका. चौघांनीही यंदा बटणांचा फोन सोडून स्मार्टफोन घेतला, चारही अँड्रॉइड. फोन लावून देणं, कामाची ॲप्स सुचवणं आणि ती हातात बसेपर्यंत सोबत राहणं हे काम मी अंगावर घेतलं आहे.

भावंडांच्या ग्रुपवर "यांना कुठली ॲप्स टाकून देऊ?" असं विचारल्यावर तासाभरात भलीमोठी यादी जमली. यादीत वाईट काहीच नाही, पण ती सगळी आमच्या सवयींची आहे. म्हणून ती तूर्त बाजूला ठेवली आणि चौघांना वेगवेगळं गाठून एकच विचारलं: या फोनवर काय जमलं तर तुम्हाला बरं वाटेल?

आई म्हणाली, "नातीला बघायचंय. आणि गोळ्यांच्या पाकिटावरचं ते मुंगीएवढं अक्षर वाचता आलं तर फार बरं." मावशीला ऐकायला कमी येतं. ती म्हणाली, "माणसं माझ्याशी बोलायचंच टाळतात गं. दोनदा 'काय?' विचारलं की म्हणतात, राहू दे." काका एकटे राहतात. त्यांच्या खिडकीबाहेर पहाटे एक पक्षी ओरडतो, त्याचं नाव त्यांना कित्येक दिवस हवं आहे. बाबा "मला काही नको" म्हणून वाचत बसले. मी उठून निघाले तेव्हा मागून विचारलं, "फोनवर बुद्धिबळ खेळता येतं म्हणे. लांब राहणाऱ्या दोघांनासुद्धा?" त्यांचा जुना मित्र मुलाकडे राहायला गेल्यापासून त्यांचा पट कपाटावर पडून आहे.

तेव्हा ठरलं. प्रत्येकाचं पहिलं ॲप त्याच्या स्वतःच्या उत्तरातून निघेल. फोन आपल्या उपयोगाचा आहे हे एकदा पटलं की बाकीचं शिकायला माणूस आपणहून बसतो.

६ ऑगस्ट

आज एकही नवं ॲप टाकलं नाही. फक्त आवराआवर.

फोनमध्ये आधीपासून भरून आलेली ॲप्स बरीच असतात. त्यांतली काही काढता येतात, काही काढता येत नाहीत पण सेटिंग्जमधून बंद करता येतात. बंद केलं की ते पडद्यावरून जातं आणि त्याच्या सूचनाही थांबतात. नवख्या माणसाला सगळ्यांत जास्त घाबरवतात त्या या सूचना. वरून काहीतरी टपकतं, त्याला उत्तर द्यायचं की नाही ते कळत नाही, आणि आपल्या हातून काही बिघडलं असं वाटायला लागतं. अँड्रॉइड १३ पासून नवं ॲप सूचना पाठवण्याआधी परवानगी मागतं. तिथे सरसकट "नाही", आणि खरंच लागेल तिथेच "हो".

अक्षरं मोठी करताना दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत हे लक्षात ठेवायला हवं. एक फक्त अक्षरांचा आकार वाढवते. दुसरी पडद्यावरचं सगळंच मोठं करते, म्हणजे बटणं आणि चिन्हंसुद्धा. आईला दोन्ही लागल्या. काकांची नजर ठीक आहे, पण हाताला कंप आहे, म्हणून त्यांच्या फोनवर अक्षरं नेहमीची आणि बटणं मोठी. आकार अगदी टोकाला नेला तर काही ॲप्समध्ये "पुढे"चं बटण पडद्याबाहेर ढकललं जातं. म्हणून टोकाच्या एक पायरी अलीकडे थांबले.

अँड्रॉइड १० पासून खालची तीन बटणं जाऊन बोट सरकवण्याची पद्धत आली. चौघांच्याही फोनवर तीन बटणं परत आणली. बटण दिसतं, सरकवणं लक्षात ठेवावं लागतं. मधलं बटण दाबलं की कुठूनही घरी परत येता येतं, हे चौघांना सगळ्यांत आधी शिकवलं. परतीचा रस्ता माहीत असला की माणूस बिनधास्त पुढे जातो.

प्रत्येकाचं गूगल खातं वेगळं काढलं. पासवर्ड त्यांच्याच अक्षरात, घरात ठेवायच्या वहीत. खातं परत मिळवण्यासाठी लागणारा नंबर माझा दिला. माझ्या खात्यावर चौघांचे फोन चालवणं सोपं गेलं असतं, पण मग फोन त्यांचा राहिला नसता. शिवाय माझे फोटो आणि माझे नंबर त्यांच्याकडे सांडले असते.

९ ऑगस्ट

ॲप कसं निवडायचं, याचा आज विचार करून ठेवला.

प्ले स्टोअरवर नाव टाकून शोधलं की वर येणारा पहिला निकाल पुष्कळदा जाहिरात असते. खाली खरं ॲप, वर त्याच्यासारखं दिसणारं दुसरंच. म्हणून सध्या ॲप मी टाकणार, तेही शेजारी बसून, ते बघत असताना. बनवणाऱ्याचं नाव वाचायचं, "जाहिराती आहेत" आणि "ॲपमध्ये खरेदी आहे" या दोन ओळी बघायच्या, आणि ॲप उघडल्यावर ते काय काय मागतं ते बघायचं. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, परवानगी गरज पडेल तेव्हा विचारली जाते. त्यामुळे हा धडा प्रत्यक्ष पडद्यावर देता येतो. पक्ष्याचा आवाज ओळखणाऱ्या ॲपला माइक लागणारच. टॉर्चच्या ॲपला आपण कुठे आहोत ते कशाला हवं?

टॉर्चचं उदाहरण मुद्दाम घेते, कारण ते घडलेलं आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका फुकट टॉर्च ॲपच्या निर्मात्यावर कारवाई केली होती. कोट्यवधी लोकांनी घेतलेलं ते ॲप माणसाचं ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरात कंपन्यांकडे पाठवत होतं, आणि वापरणाऱ्याला ते नीट सांगितलेलं नव्हतं. टॉर्च फोनमध्येच असते. वरून पट्टी ओढली की सापडते. तसंच गजर, कॅलक्युलेटर, फोनमधलं भिंग, आवाज नोंदवायची सोय. यादीतली जवळपास निम्मी ॲप्स इथेच गळाली.

१३ ऑगस्ट

आई आणि व्हॉट्सॲप.

एवढं ॲप चौघांनाही लागणारच होतं. आईला व्हिडिओ कॉल करायला पटकन आला. नातीचं नाव पडद्यावर पहिलं ठेवलं आहे, ते उघडायचं आणि कॅमेऱ्याचं चिन्ह दाबायचं. अडलं ते आलेला कॉल घेताना. फोन बंद पडद्यावर असताना कॉल आला तर हिरवं चिन्ह बोटाने वर सरकवावं लागतं. फोन हातात उघडा असताना आला तर वर एक पट्टी येते आणि तिथे नुसतं टॅप करायचं. आई पट्टी सरकवायची, पट्टी निघून जायची, घंटी वाजत राहायची, आणि ती म्हणायची, "बघ, हा फोन मला घेऊच देत नाही." दोन प्रकार आहेत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कागदावर दोन चित्रं काढली, खाली एकाला "सरकव" आणि दुसऱ्याला "दाब" लिहिलं. मग मी आतल्या खोलीत जाऊन कॉल करत राहिले. कधी फोन बंद असताना, कधी ती फोटो बघत असताना. शेवटी तिने कागदाकडे न बघता घेतला आणि आतून मला हाक मारली, "अगं, दिसतेस तू!"

शिकवताना फोन माझ्या हातात घ्यायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. मी बोटाने दाखवते, दाबतात ते. वेळ लागतो, पण दाबलं त्याच्याच लक्षात राहतं.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज चौघांच्याही सारख्या केल्या. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, तर फक्त ओळखीचे नंबर. अनोळखी कॉल गप्प (ही सोय २०२३ मध्ये आली, कॉल यादीत दिसतो, पण वाजत नाही). फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद, नाहीतर आठवड्यात फोन भरतो. आणि दोन पायऱ्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन, तोही वहीत.

१७ ऑगस्ट

मावशी. आजची नोंद लांबणार आहे.

तिच्यासाठी गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब टाकलं. २०१९ मध्ये आलेलं हे ॲप. कर्णबधिरांच्या शिक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या गॅलोडेट विद्यापीठाबरोबर गूगलने ते तयार केलं. समोरचा बोलतो ते पडद्यावर अक्षरांत उमटत जातं. मराठीही चालते. इंटरनेट चालू हवं. अक्षरांचा आकार ॲपमध्येच वेगळा वाढवता येतो. तो इतका वाढवला की टेबलावर ठेवलेला फोन खुर्चीत बसून वाचता यावा.

पहिल्यांदा मी फोन तिच्या हातात दिला आणि बोलू लागले. ती पडद्याकडे बघत राहिली, माझ्याकडे बघेना. मग फोन माझ्या बाजूला, माझ्या तोंडाच्या रेषेत उभा केला. आता तिला एका नजरेत माझे ओठ आणि खाली अक्षरं दोन्ही दिसत होती. तिला ओठांवरून बरंच कळतं, ते तिने वर्षानुवर्षं कमावलं आहे. जिथे अडतं तिथे नजर खाली जाते. तिच्या कौशल्याला मदत करणारी मांडणी हवी होती, ते कौशल्य बाजूला सारणारी नको होती.

ॲप चुकतं. माणसांची नावं चुकतं, दोघं एकदम बोलले की गोंधळतं, पंखा जवळ असला तर शब्द गिळतं. मावशीला हे आधीच सांगितलं. बोलणाऱ्यांनाही सांगायला हवं: फोनजवळ, एकेकाने, नेहमीच्या वेगात. ओरडून काही फायदा होत नाही.

दुपारी शेजारच्या काकू आल्या. मावशीने फोन टेबलावर उभा करून ठेवला. काकू सुनेच्या परीक्षेबद्दल काहीतरी सांगत होत्या. मावशी वाचत वाचत मध्येच म्हणाली, "म्हणजे दोनच पेपर राहिलेत ना?" काकू थबकल्या. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सविस्तर सांगायला सुरुवात केली. मला तिथे बसून राहावंसं वाटत होतं. पण त्या दोघींच्या गप्पा होत्या, म्हणून उठले.

याच कुटुंबातलं साउंड ॲम्प्लिफायर हे दुसरं ॲप. हेडफोन लावून आजूबाजूचा आवाज वाढवतं आणि गोंगाट कमी करतं. तेही दाखवलं, पण मावशीला श्रवणयंत्रावर हेडफोन नको वाटतो. काढून टाकलं. लाइव्ह ट्रान्स्क्राइब समोरासमोरच्या बोलण्यासाठी आहे, फोनवरच्या कॉलसाठी तिला दुसरं काही लागेल. तूर्त तिच्याशी सगळ्यांनी लेखी निरोप किंवा व्हिडिओ कॉल, असं घरात सांगून टाकलं.

२१ ऑगस्ट

बाबांचं बुद्धिबळ. लिचेस. २०१० मध्ये एका फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलेलं, आज देणग्यांवर चालणारं. जाहिरात नाही, विकत घ्यायला काही नाही, "अजून एक डाव खेळा" म्हणून मागे लागत नाही. नवशिक्याला देण्याजोगं ॲप कसं असावं, याचा मला सापडलेला हा सगळ्यांत चांगला नमुना.

मित्राकडेही त्यांच्या मुलाने टाकून दिलं. घड्याळ लावून खेळायला दोघांनाही नको होतं. यात पत्रानं डाव खेळण्यासारखा प्रकार आहे: एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत वेळ ठेवता येतो. त्यांनी तीन दिवस ठेवले. बाबा सकाळी चाल बघतात, दिवसभर कपाटावरून काढलेल्या खऱ्या पटावर विचार करतात, रात्री फोनवर चाल देतात. सेटिंग्जमध्ये चाल पक्की करण्याआधी विचारण्याची सोय आहे, ती लावली, कारण बोट घसरून वजीर भलत्याच घरात जाऊन बसला तर डावच गेला. मोहरं ओढत न्यायच्या ऐवजी आधी मोहरं आणि मग घर अशी दोन टॅपची पद्धतही ठेवली.

"मला काही नको" म्हणणाऱ्या माणसाने आज मला विचारलं, फोन रात्री चार्जिंगला लावून ठेवला तर चालतं का.

२८ ऑगस्ट

काकांकडे जाऊन आले. तिकडचं काम सगळ्यांत नाजूक, कारण नंतर मी शेजारी नसणार.

कंपामुळे त्यांचं बोट पडद्यावर जरा जास्त टेकून राहतं. फोनला वाटतं दाबून धरलं आहे. मग चिन्हं हलायला लागतात, भलताच मेनू उघडतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, नजर, कान, हात यांच्या अडचणींसाठीच्या सोयींचा. त्यात "दाबून धरण्याचा वेळ" अशी सेटिंग आहे, ती सगळ्यांत लांबवर नेली. लगेच फरक पडला. म्हाताऱ्या माणसाला फोन जमत नाही असं आपण किती सहज म्हणून टाकतो, आणि ते या एका ओळीत अडकलेलं असतं. बोटं कोरडी असली तरी पडदा नीट ओळखत नाही, कारण तो बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारावर चालतो. किंचित ओलसर फडक्याला बोट पुसून बघा असं सांगितलं. पॉवरचं बटण दाबलं की कॉल बंद व्हावा, हीही सोय तिथेच आहे. लाल चिन्ह नेमकं गाठायची गरज उरली नाही.

काकांनी जन्मभर कचेरीत इंग्रजीतून काम केलं, त्यांना फोन इंग्रजीत हवा. व्हॉट्सॲप मात्र मराठीत. अँड्रॉइड १३ पासून एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. आईचा सगळा फोन मराठीत आहे. त्यामुळे लांबून मदत करताना "ते अमुक बटण दाब" म्हणून भागत नाही, तिच्या पडद्यावर ते नाव वेगळं असतं. माझ्या फोनवर दोन्ही भाषांतले पडद्यांचे फोटो साठवून ठेवले आहेत.

लांबून मदतीसाठी दुसऱ्याचा फोन चालवू देणारी ॲप्स मिळतात. ती मी कोणाच्याच फोनवर टाकली नाहीत. फसवणारे नेमकी तीच टाकायला लावतात. घरच्यासाठी म्हणून टाकलेलं ॲप परक्याच्या हाती लागलं तर माणसाला फरक कळणार नाही. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये २०२३ पासून पडदा दाखवता येतो. मला दिसतं, पण माझ्याकडून काही दाबलं जात नाही. शिकवण्याच्या दृष्टीनेही हेच बरं. काकांना सांगितलं, "पडदा फक्त घरच्यांना दाखवायचा. बँकेचा माणूस म्हणो, पोलीस म्हणो, कोणी म्हणो." काका म्हणाले, "मग तू घरचीच आहेस हे कशावरून?" प्रश्न रास्त होता. नंबर मी त्यांच्या यादीतून लावलेला हवा आणि तोंड दिसायला हवं, असं ठरलं.

आता पक्षी. मर्लिन बर्ड आयडी, कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं. फुकट, जाहिराती नाहीत. २०२१ पासून त्यात आवाजावरून पक्षी ओळखायची सोय आहे. आपल्या प्रदेशाचा संच एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेट लागत नाही. मी तिथेच मुक्काम केला, कारण पक्षी पहाटेच ओरडतो. काका अंधारातच खिडकीत बसले. आवाज आला तशी पडद्यावर एक लाट उमटली, मग नाव आणि चित्र. काकांनी चित्रावर टॅप केलं, त्यातला नोंदवलेला आवाज ऐकला, मग बाहेरचा ऐकला, मग पुन्हा फोनमधला. "हाच," म्हणाले. मग मागे कुजबुजणारा आणखी एक पक्षी त्यात दिसला, जो त्यांनी कधी वेगळा ऐकलाच नव्हता.

३ सप्टेंबर

मराठीत लिहिणं. गूगलच्या जीबोर्डमध्ये मराठी लावली चौघांनाही. अक्षरं शोधत बसण्याचा आईला वैताग, विशेषतः जोडाक्षरं: आधी अक्षर, मग पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर. बाबांना ते आवडलं, बसून नीट करतात. आईसाठी माइकचं चिन्ह. ती बोलते, फोन लिहितो, ती वाचून पाठवते. मराठी बोलून लिहिण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये आणली आणि आता ती चांगलीच मुरली आहे. विरामचिन्हं मात्र येत नाहीत, त्याची कोणाला फिकीर नाही.

मावशीने सगळ्यांत आधी मला निरोप लिहिला. एकच ओळ, "उद्या ये".

१० सप्टेंबर

बाबांना निरोप आला: तुमचं खातं आज रात्री बंद होणार, सोबतची फाइल उघडा. त्यांनी उघडली नाही, मला दाखवली. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे प्ले स्टोअर टाळून थेट फोनवर येणारं ॲप. अशी ॲप्स बहुधा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ज्या सेटिंग्जने काकांचा फोन सुसह्य केला, त्याच दारातून परक्याला पडदा वाचता येतो आणि बटणं दाबता येतात. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही, पण फोनवर गोड बोलून ती द्यायला लावणारे असतातच.

चौघांना बसवून एवढंच सांगितलं. फोनवर आलेला अंकांचा कोड कोणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा. निरोपातून आलेलं ॲप टाकायचं नाही. आणि कोणी घाई करायला लागलं की फोन ठेवायचा. घाई हीच खूण. व्हॉट्सॲपचं खातं चोरणारेही असंच करतात: तुमच्या ओळखीच्याच नंबरावरून निरोप येतो, "चुकून माझा कोड तुमच्याकडे गेलाय, पाठवता का?" तो ओळखीचा माणूस आधीच लुटलेला असतो.

पैशांच्या व्यवहाराची ॲप्स यामुळेच मी आत्ता घेतलेली नाहीत. आई मागे लागली आहे. आधी हे सगळं अंगात मुरू दे, मग.

१६ सप्टेंबर

नाकारलेल्यांची नोंद, पुन्हा कोणी सुचवलं तर कारण हाताशी असावं म्हणून.

फोन साफ करणारी आणि बॅटरी वाचवणारी ॲप्स नकोत. अँड्रॉइड मेमरी स्वतः सांभाळतं. ॲप्स सारखी बंद करत राहिलं तर ती पुन्हा उघडताना उलट जास्त काम पडतं. ही साफसफाईची ॲप्स जाहिरातींवर जगतात आणि "धोका!" म्हणून लाल पडदे दाखवतात. आधीच बिचकणाऱ्या माणसाला ते अजिबात नको.

अनोळखी कॉल करणाऱ्याचं नाव सांगणारी ॲप्स आपल्या नंबरांची यादी मागतात. त्या यादीतल्या माणसांनी त्यांना होकार दिलेला नसतो. फोनमधली नंबर अडवण्याची सोय पुरे.

औषधांची आठवण करणारं खास ॲप एका भाचीने सुचवलं होतं. हेतू चांगला, पण त्यात खातं काढा, गोळ्यांची नावं भरा, मग अहवाल बघा. आईला घड्याळातला गजर लावून दिला आणि गजराला नाव दिलं, "जेवणानंतरची गोळी". तिला तेवढंच हवं होतं.

२४ सप्टेंबर

पाकिटावरचं बारीक अक्षर. गूगल लेन्स दाखवलं, त्याने अक्षरं ओळखता येतात आणि वाचूनही दाखवतं. पण चमकणाऱ्या चांदीच्या पाकिटावर ते चाचपडतं. आईने तिची स्वतःची वाट काढली: खिडकीशी जाऊन फोटो काढायचा, दोन बोटांनी ताणून मोठा करायचा, वाचायचा. मुदतीची तारीख अशीच वाचून तिने दोन जुनी पाकिटं बाजूला काढली. ज्याला ॲपच लागत नाही तो मार्ग मला नेहमीच आवडतो.

लांबलचक मजकुरासाठी तिला "निवडा आणि ऐका" लावून दिलं आहे. ॲक्सेसिबिलिटीतच असतं. पडद्याच्या कडेच्या चिन्हावर टॅप करून मजकुरावर बोट ठेवलं की फोन वाचून दाखवतो.

फोटो भरत चालले आहेत. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. दर महिन्याला मी गेले की नको असलेले एकत्र बसून काढायचे. आईला एकही काढवत नाही, हे मला आत्ताच दिसतंय.

५ ऑक्टोबर

फोन हरवणं आणि अडीअडचण.

गूगलच्या फाइंड हबमध्ये (आधीचं फाइंड माय डिव्हाइस) चौघांचे फोन शोधता येतात का ते तपासलं. फोन गप्प ठेवलेला असला तरी तो पूर्ण आवाजात पाच मिनिटं वाजवता येतो. बाबांचा गादीखाली सापडला.

कुलूप लावलेल्या पडद्यावर "सापडल्यास" म्हणून माझा नंबर लिहिला. इमर्जन्सी माहितीत रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं भरली. ही माहिती कुलूप न उघडता वाचता येते, म्हणून काय लिहायचं ते ज्याचं त्याला विचारून भरलं. पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की मदतीचा कॉल जातो. काकांच्या कंपामुळे तो नकळत जाईल अशी भीती होती, म्हणून आधी मोजणी दाखवून मग कॉल जाईल असं ठेवलं आणि ती मोजणी कशी थांबवायची ते करून घेतलं.

काका रात्री फोन गप्प ठेवतात. "व्यत्यय आणू नका"मध्ये आम्हा भावंडांना तारा लावला, आमचे कॉल वाजतील. शिवाय तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा करेल तर वाजावं, हीही सेटिंग चालू ठेवली.

१५ ऑक्टोबर

आजची स्थिती. आई: व्हॉट्सॲप, कॅमेरा, बोलून लिहिणं. बाबा: लिचेस, आणि आता स्वतःहून शोधलेलं विकिपीडिया. मावशी: लाइव्ह ट्रान्स्क्राइब, व्हॉट्सॲप, तिच्या मैत्रिणीलाही ते हवं आहे, फोन घेऊन बोलावलं आहे. काका: मर्लिन, व्हॉट्सॲप. मॅप्स कोणीच उघडत नाही, पहिल्या पडद्यावरून काढलं.

आत्याचा निरोप आला, तिला मुलाने त्याचा जुना आयफोन दिला आहे. तिथे आयओएस १७ पासून असिस्टिव्ह ॲक्सेस म्हणून सोय आहे. त्यात मोजकीच ॲप्स मोठमोठ्या चौकटींत दिसतात आणि बाकीचं सगळं आड जातं. ते तिला पटेल की अपमान वाटेल ते तिला दाखवल्याशिवाय कळणार नाही. रविवारी जाते आहे. आधी तोच प्रश्न विचारायचा. फोनचा पासवर्ड मुलाकडून घेऊन ठेवणे, आणि फोन अजून त्याच्याच खात्यावर असेल तर ते आधी काढून घेणे.